सायकल सरळ केली तेव्हा

मला सायकल येते की नाही, यावर आमच्या नातेवाइकांत अजून एकमत नाही. मी म्हणते, येते. दादा म्हणतो, "तुला सायकल येत नाय. तुला ती सायकल येती." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लहानपणी आमच्या घरात सायकल एक होती आणि भाऊ तीन. शाळा, कॉलेज, शिकवणी, सगळं त्या एका सायकलवर चालायचं. वडील शिक्षणाला फार मानायचे, मलाही शिकवलं, पण सायकलच्या बाबतीत माझा नंबर चौथा, आणि चौथा नंबर लागेपर्यंत अंधार पडायचा. मी रुसले की दादा मला कॅरियरवर बसवून विहाराला एक चक्कर मारून आणायचा आणि "झालं?" म्हणून विचारायचा. मी शेहेचाळीस वर्षांची होईपर्यंत सायकलशी माझा संबंध तेवढाच होता.

तर मला जी सायकल येते ती आमच्या ह्यांनी बनवली. हे शेंद्र्याला एका कंपनीच्या टूलरूममध्ये आहेत. हाताला कौशल्य आहे, ते आहे हे ह्यांना माहीत आहे, आणि समोरच्याला माहीत नसेल तर सांगायचीही तयारी आहे. कंपनीत कामगारांच्या घरच्यांसाठी दरवर्षी मेळावा भरतो. त्यासाठी ह्यांनी एक जुनी सायकल आणली, हँडल पुढच्या चाकाच्या चिमट्यापासून कापून वेगळं केलं आणि दोन्हीवर सारख्या मापाचे दोन गिअर दातांत दात अडकवून बसवले. झालं असं, की हँडल उजवीकडे फिरवलं की चाक डावीकडे वळायचं, आणि डावीकडे फिरवलं की उजवीकडे. गिअरवर पत्र्याचं झाकण नटांनी बसवलं. बाकी सायकल चांगली होती. शेजारी पाटी लावली: पाय न टेकता दहा फूट चालवा, स्टीलचा डबा घेऊन जा.

डबा कुणीच नेला नाही. सुपरवायझर पडले, मॅनेजर पडले, त्यांचे जावई पडले. एक साहेब दर रविवारी खुलताबादपर्यंत सायकलनं जाऊन येतात म्हणे, ते सगळ्यात लवकर पडले. पडलेला माणूस उठून आधी सायकलकडे बघायचा आणि मग ह्यांच्याकडे. ह्यांचा चेहरा त्या दिवशी असा फुलला होता, की आमच्या लग्नातसुद्धा मी तो तसा पाहिलेला नाही. स्वतः मात्र बसले नाहीत. बनवणाऱ्यानं बसायचं नसतं, म्हणाले. मेळावा संपला, कंपनीनं सायकल ठेवून घ्यायला नकार दिला, म्हणून ती घरी आली. मग एका दुपारी फाटक लावून ह्यांनी अंगणात बसून बघितलं. मी आवाज ऐकून बाहेर आले तेव्हा हे कुंड्यांमध्ये आडवे होते आणि पडल्या पडल्या गिअर तपासत होते.

मला त्या दिवसांत एकाच गोष्टीचा ध्यास होता. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते. अकरा वर्षं मी मागच्या खोलीत बसून ते घेत होते. त्या खोलीला खिडकी नाही. आणि लॅबचं दुसरं एक काम असतं, सकाळी घरोघर जाऊन उपाशीपोटीचं रक्त आणायचं. ते मला हवं होतं. लष्करी छावणीतले झाडांखालचे रस्ते, सकाळची हवा, कुणाच्या तरी घरी दोन शब्द बोलणं, आणि मुख्य म्हणजे आपलं आपण जायचं नि आपलं आपण यायचं. पण त्याला स्वतःचं वाहन लागतं. लॅबच्या डॉक्टरीणबाई दर वेळी विचारायच्या, "वाहन आहे?" आणि मी दर वेळी नाही अशी मान हलवून मागच्या खोलीत जायचे. स्कूटी शिकून बघितली होती. शिकवणारे हेच होते, त्यामुळे ते दोन दिवसांत भांडणावर संपलं.

हे आपल्या साध्या सायकलनं कंपनीची बस गाठायला गेले की घरात मी आणि ती सायकल. एक दिवस तिला हातात धरून आमच्या वस्तीच्या विहारासमोरच्या मैदानावर नेलं. पहिल्या दिवशी नुसती पडले. दुसऱ्या दिवशीही पडले, पण जरा पुढे जाऊन. उलटी आहे हे मला ठाऊक होतं, पण माझ्या अंगाला सुलटीसुद्धा कुठं ठाऊक होती? ज्यांना सायकल येते त्यांना ही शिकायची तर आधीची विसरावी लागते. मला विसरायला काही नव्हतंच. ज्या बाजूला कलतेय त्याच्या उलट्या बाजूला हँडल फिरवायचं, एवढं एक हातांना कळलं आणि अकराव्या दिवशी मी मैदानाला पूर्ण चक्कर मारली. उतरल्यावर मला हसू आवरेना. एकटीच उभी राहून हसत होते.

ह्यांना दाखवलं. ह्यांनी घरातून पाना आणला, झाकण उघडलं आणि वाकून बघत बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"बिघडली दिसती," हे म्हणाले.

दादा मुद्दाम बघायला आला. माझी चक्कर पाहिली, "ह्यात काय लई अवघड," म्हणाला, बसला आणि मैदानाच्या कठड्यावर जाऊन आपटला. गुडघा चोळत त्यानं शेजारच्यांची साधी सायकल मागून आणली आणि माझ्यापुढे धरली. मी बसले आणि दुसरं पेडल मारायच्या आत खाली आले. दादाच्या गुडघ्याचं दुखणं तिथंच थांबलं. तेव्हापासून तो ते "ती सायकल येती" सगळ्यांना ऐकवतो.

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खेपेला विचारलं, "वाहन आहे?" मी म्हटलं, "आहे." "चालवता येतं?" "तेच येतं," म्हटलं. त्यांना वाटलं मी नम्रपणे बोलतेय. दुसऱ्या दिवसापासून छावणीची फेरी मला मिळाली. बर्फाचा डबा कॅरियरला, सुया आणि ट्यूब खांद्याच्या पिशवीत. छावणीत एक रिटायर्ड सुभेदारसाहेब आहेत, साखरेचे पेशंट. ते रोज सकाळी फाटकात उभे असतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला वळताना पाहिलं आणि मी उतरेपर्यंत चाकावरून नजर हलवली नाही. मग म्हणाले, "बाई, तुम्ही हात मोडता बायें अन् गाडी जाती दायें. ये क्या मामला है?" मी झाकण उघडून गिअर दाखवले. त्यांनी ते नीट तपासले, खुर्चीत बसले आणि बाही वर केली. "घ्या," म्हणाले. "जिला हे जमतं तिच्या हातानं सुई बिनधास्त घ्यावी."

असे आठ महिने गेले. मला एकदाही लॅबच्या मागच्या खोलीत बसावं लागलं नाही. वस्तीत लोक मला बघायचे थांबले, सवय झाली. ह्यांना मात्र झाली नाही. हे त्या काळात सायकलकडे पाठ करून चहा प्यायचे, ते मला दिसत होतं. पण एवढ्याशा गोष्टीचं कुणी मनावर घेईल असं मला वाटलं नाही.

मी दोन दिवस आईकडे गेले होते. परत आले तर अंगणात सायकल चकाचक. नवा रंग, नवी घंटी, पुढे जाळीची बास्केट. लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता, त्याची भेट. मला खरंच भरून आलं. हे म्हणाले, "उद्या चालवून बघ. अजून एक गंमत केली हाय, तुझं तुलाच कळंल." मी झाकण उघडून बघितलं नाही. भेट म्हणून दिलेल्या वस्तूचं कुणी झाकण उघडून बघतं का?

आमच्याकडे पाणी इतक्या दिवसांनी येतं, की नळ आहे हे आम्ही विसरतो. टँकर येतो. त्याच्यासाठी आदल्या संध्याकाळपासून गल्लीत ड्रमांची रांग लागते आणि त्या रांगेत ज्याचा त्याचा नंबर ठरलेला असतो. सकाळी सहाला मी निघाले. फाटकातून बाहेर आले, बसले, गाडी डावीकडे कलली, मी सवयीनं हँडल उजवीकडे फिरवलं. ती सरळ व्हायच्या ऐवजी आणखी कलली. मी आणखी फिरवलं. पुढचं मला आवाजानं कळलं. पहिला ड्रम दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, आणि गल्लीला उतार आहे, त्यामुळे ते सगळे रिकामे ड्रम नाक्यापर्यंत गडगडत गेले. मी उजव्या मनगटावर पडले होते.

बायका धावत आल्या. ड्रमांकडे.

"माझा निळा तिसरा व्हता."

"तिसरा कुठला? पाचवा व्हता. तिसरा आमचा."

"अगं, बाईला तरी उठवा."

"उठवते की. आधी नंबर ठरू द्या, टँकर यायलाय."

मला उठवलं ह्यांनी. रिक्षात बसवताना हे पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "सरळ केली व्हती गं. तुझ्यासाठी सरळ केली व्हती." तेव्हा मला कळलं. गिअर काढून टाकले होते आणि हँडल पुन्हा थेट चिमट्याला जोडलं होतं, जगातल्या सगळ्या सायकलींसारखं. हाडाच्या डॉक्टरांनी विचारलं, "कशा पडलात?" मी म्हटलं, "सायकल सरळ होती." त्यांनी माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं आणि डोक्याला मार लागलाय का ते तपासायला घेतलं.

सहा आठवड्यांचं प्लास्टर. उजवा हात म्हणजे सुई बंद. छावणीची फेरी स्कूटीवाल्या एका मुलीला दिली गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात बरा होऊ द्या, मग बघू." हे "मग बघू" मी अकरा वर्षं ऐकलेलं आहे. मी घरी बसून रडत होते ते हाताच्या दुखण्यानं नव्हे.

"मला विचारायचं तरी," मी ह्यांना म्हटलं.

"नीट करायला विचारावं लागतं व्हय?" हे म्हणाले. "तुझ्या भल्याचंच केलं."

त्यानंतर मी बोलायचं सोडलं. जेवण झालं का, गोळी कुठं आहे, एवढंच. एका हातानं भाकरी थापता येत नाही, तर हे थापायचे, जगातल्या कुठल्याच देशाच्या नकाशात बसणार नाही अशी, आणि मी ती न बोलता खायचे. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी परात धुता धुता हे पाठमोरेच म्हणाले, "भल्याचं नव्हतं. मला बघवत नव्हतं. कंपनीत रोज इचारायचे, वहिनींना येती, तुला का येत नाय. मी बनवली अन् मलाच येत नाय."

हे खरं बोलले, म्हणून मला राग आला. खोटं बोलत होते तोवर तो आतल्या आत नुसता फुगत होता. मी म्हटलं, "आमच्या घरात तीन भावांनी सायकलला मला हात लावू दिला नाही. पण त्यांनी माझी सायकल माझ्याखालून काढून घेतली नव्हती. ते तुम्ही केलं." हे परात धरून उभे राहिले. ह्यांना मी एवढं लागेल असं चोवीस वर्षांत बोलले नव्हते, आणि मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

"पुन्हा बसवतो," शेवटी हे म्हणाले. "गिअर भंगारात गेले. नवे कापतो."

"दोन जोड्या कापा," मी म्हटलं. "एक तुमच्या सायकलला बसवा."

हे हसले. मी हसले नाही. रविवारी दोन्ही सायकली अंगणात उलट्या होऊन उभ्या होत्या.

ह्यांची कंपनीची बस क्रांती चौकातून सुटते. आमच्या घरापासून तिथपर्यंत हे रोज सायकलनं जायचे. आता हे पाऊण तास आधी उठतात आणि सायकल हातात धरून चालत जातात. घरी ठेवून का जात नाही, असं शेजाऱ्यांनी विचारलं, तर म्हणाले, "रस्त्यात कुठं मोकळी जागा दिसली की बसून बघतो." म्हणजे पडतात. बावन्नाव्या वर्षी, घर ते क्रांती चौक, रोज दोन-तीनदा. शर्टाच्या कोपरावर ठिगळ मीच लावलं.

माझं प्लास्टर निघालं. मैदानावर गेले तेव्हा एकच धास्ती होती. हात विसरले असतील तर? मनगट ठणकत होतं, पहिली दोन पेडलं डोळे मिटूनच मारली. मग गाडी कलली, हात आपोआप उलटे फिरले आणि ती सरळ झाली. मी त्याच सायकलनं लॅबमध्ये गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुमचे ते सुभेदार सहा आठवडे त्या मुलीला हातच लावू देत नाहीत. रोज फोन करतात, सायकलवाली बाई भेजो." फेरी मला परत मिळाली.

गेल्या रविवारी सकाळी हे अंगणात पाना घेऊन आपल्या सायकलशेजारी बसले होते. मी बर्फाचा डबा बांधत होते. बराच वेळ झाकणाचा एक नट हे नुसता अर्धा फिरवत होते, पुन्हा घट्ट करत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी काय म्हणतो, माझी सरळ करू का?"

सायकल ह्यांची, पाना ह्यांच्या हातात, आणि हे मला विचारत होते. लग्न झाल्यापासून काही करायच्या आधी ह्यांनी मला विचारलं असं हे पहिल्यांदाच घडत होतं. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं, सायकलवर बसले आणि म्हटलं, "नको. राहू द्या."