अण्णांचं तिसरं तिकीट

आई-अण्णा लातूरहून येऊन गेले की माझ्याकडे शेंगदाण्याची चटणी उरते आणि किस्से उरतात. चटणी ऑफिसवाले आठवड्यात फस्त करतात. किस्से मात्र साचत जातात. कुणी नुसतं "काय, मजा केली का?" विचारलं, की एकामागून एक बाहेर पडतात.

या खेपेचं तर विचारूच नका!

मी पनवेलजवळ विचुंब्यात वन बीएचकेत एकटी राहते. घटस्फोटाला दोन वर्षं झाली. नोकरी जासईच्या एका कंटेनर यार्डात, डॉक्युमेंटेशनला. अण्णा एसटीचे रिटायर्ड कंडक्टर. आल्या दिवशीच त्यांचा चष्मा शोधायला मी बॅगेत हात घातला, तर परतीची तिकिटं हाती लागली. आठ दिवसांनंतरची. तीन! तिसरं नाव माझं.

"एकटी काय करायलीस तिथं?" हे फोनवर दोन वर्षं चालूच होतं. आता त्यांनी थेट सीटच बुक केली. आणि आमच्या घरात अण्णांनी तिकीट फाडलं की प्रवास करावाच लागतो.

मी गुपचूप चष्मा नेऊन दिला. मनाशी ठरवलं, आठ दिवसांत यांना असं काही पनवेल दाखवायचं, की स्वतःहून म्हणाले पाहिजेत, पोरगी बरी आहे इथं! लगेच लिस्ट केली. मॉल, वडाळे तलाव, कर्नाळा. कर्नाळा आईच्या गुडघ्यांनी पहिल्याच दिवशी कॅन्सल केला.

* * *

मॉलमध्ये आई आणि मी चादरी बघत होतो, तेवढ्यात अण्णा गायब! फोन उचलेनात. दोन मजले पालथे घातले. शेवटी फर्निचरच्या दुकानात सापडले. पाय लांब करता येतात त्या भल्यामोठ्या खुर्चीत, चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या, तोंड उघडं, घोरणं सुरू.

मी धावत जाऊन उठवायला लागले, तर सेल्समन मधे आला.

"राहू द्या मॅडम! यांच्याकडे बघून दोन गिऱ्हाईकं किंमत विचारून गेली!"

अण्णा अर्ध्या तासाने उठले आणि त्या पोराला म्हणाले, "बरी आहे. पाठीला जरा कडक पाहिजे."

* * *

मग आई म्हणाली, मॉल-बिल पुरे झालं, तुझं ऑफिस दाखव.

आत सोडत नाहीत, म्हणून गेटबाहेरूनच दाखवलं. एकावर एक चार-चार कंटेनर. आई बराच वेळ मान वर करून बघत राहिली.

"एवढ्या पेट्या! आत काय असतं गं?"

"मला कुठे दिसतं? मी कागद बघते फक्त."

"म्हणजे न बघताच सह्या करतीस?"

तेवढ्यात सिक्युरिटीवाल्या काकांनी मला सलाम ठोकला. कडक! अण्णांनी लगेच जाऊन त्यांना विचारलं, "सगळ्यांनाच करता का हो असा?"

"नाय," काका म्हणाले. "डब्यातली चटनी देतात त्यांनाच."

* * *

खरा घोळ झाला रिक्षा स्टँडवर.

मी जासईहून पनवेल स्टेशनला येते आणि तिथून शेअर रिक्षाने घरी. त्या संध्याकाळी आई-अण्णा तलाव बघून आपले आपणच स्टँडवर आले. गणेशच्या रिक्षात बसले. गणेश इथला गाववाला. रिक्षात एक सीट रिकामी, पण हा काही निघेना. अण्णांमधला जुना कंडक्टर जागा झाला. खाली उतरून ओरडायला लागले, "चला विचुंबे, विचुंबे! एकच सीट!"

एक माणूस आलाही. गणेशने त्याला परत पाठवलं.

"ती सीट भरलेली हाय."

"भरलेली? मला तर रिकामी दिसते!"

"एक ताई हायत. जासईवरून येतात. सात चालीसपरयंत धरतो मी त्यांची सीट."

आता हे कुणाला सांगावं? अण्णांना! ज्या माणसाने रुमाल टाकून सीट धरणाऱ्यांचे रुमाल खिडकीबाहेर फेकले त्यांना! पस्तीस वर्षांच्या नोकरीत आमदाराच्या मेव्हण्यालासुद्धा सीट धरू दिली नाही त्यांना! भर स्टँडवर त्यांनी गणेशला नियम शिकवायला घेतले. तो बिचारा हसत ऐकत होता.

"काका, पावसापान्यात त्या कुटं उभ्या राहनार? आमची पन बहीण नोकरी करते ना."

तेवढ्यात मी धापा टाकत पोचले.

"आल्या बगा ताई!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग गणेशकडे. "ही?"

घर आलं. उतरताना एवढंच म्हणाले, "नियमात बसत नाही हे."

* * *

हिराकाकू आमच्या बिल्डिंगमागच्या जुन्या गावात राहते, नाक्यावर भाजी विकते. बुधवारी सकाळी बेल वाजली, आईने दार उघडलं, तर समोर काकू, हातात झाकलेला टोप.

"पोरी, कोलमी आनलीय!" आणि मग तिला आईच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली. "नाय नाय... भाजी हाय, भाजी!"

आईने झाकण उचललं. भाजीला मिशा होत्या!

मी म्हटलं, संपलं. आता बॅगच भरायला घ्यायची.

"चुकलं माजं," काकू म्हणाली. "पन त्या डेंगूत पोर लई बारीक झालीवती. तवापासून देते अधनंमधनं."

झालं! डेंगूचं मी घरी कळवलंच नव्हतं.

"कधी झाला डेंगू?" आईने विचारलं. मला नाही, काकूला.

"गेल्या गनपतीत. दवाखान्यात धा दिवस मीच होते तिच्याजवल. तुमाला सांगलं नाय तिने?"

जिने आयुष्यात घरात अंडं येऊ दिलं नाही, त्या माझ्या आईने तो टोप आणून माझ्यापुढे ठेवला, "खा" म्हणाली आणि नाकाला पदर लावून समोर बसून राहिली. मग तो टोप स्वतः घासला, चटणीने काठोकाठ भरला आणि काकूकडे गेली. दोन तासांनी आली ती डोळे सुजवून. त्या दोघींसारख्या बाया माझ्या वाट्याला आल्या, हे माझं नशीबच म्हणायचं.

आईने अण्णांना सगळं सांगितलं.

* * *

शनिवारी दुपारची गाडी. तिकिटाचं मी बोलले नव्हते, अण्णाही नाही. बॅग मी भरली नव्हती, पण खोटं कशाला बोलू, कपडे घड्या करून पलंगावर काढून ठेवले होते.

गणेशच स्टेशनला सोडायला आला. हिराकाकूने तांदळाच्या पापड्या, वाल आणि दोन नारळ पिशवीत कोंबले. गाडीत अण्णांनी ती पिशवी उचलली आणि तिसऱ्या सीटवर, खिडकीशी ठेवली. नीट टेकवून.

"अण्णा, मी..."

"सुटेल आता. उतर खाली."

मी उतरले. हात हलवला. रिकाम्या घरी जाववेना, म्हणून तळ्याकाठी फिरत बसले आणि संध्याकाळी स्टँडवर आले. गणेशची रिक्षा उभी होती. एक सीट रिकामी.

बसले, तोच आईचा फोन.

"टीसी आला होता गं. म्हणाला, तिसरा पॅसेंजर कुठंय? मी म्हणणार होते, आजारी पडली म्हणून. तर तुझे अण्णाच बोलले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तिची सीट दुसऱ्या गाडीत आहे साहेब, सात चाळीसच्या."