कोपऱ्यातले काका

"बाई, मला आठ दिवसांत एका माणसाला मारायचं आहे," असं खालच्या मजल्यावरच्या वहिनी मला म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या मांडीवर कुणाची तरी अर्धी शिवलेली पँट होती आणि दातांत दोरा होता. दोरा तोडून त्यांनी पुढे सांगितलं, की माणूस तसा चार वर्षांपूर्वीच गेलेला आहे, त्यामुळे त्याला काही त्रास व्हायचा नाही. फक्त तो गेलाय हे आता घरात कळायला हवं होतं, आणि तेही कुणाला धक्का न बसता.

वहिनी म्हणजे आमच्या टेलरमास्तरांची बायको. रस्त्याकडच्या खोलीत मास्तरांचं दुकान आहे: एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, खिळ्यांना लटकवलेले खाकी कागदाचे नमुने. मागच्या खोलीत बिऱ्हाड. मध्ये भिंत नाही, एक उंच लाकडी कपाट आडवं लावलंय, त्याची पाठ दुकानाकडे. वहिनी मागे बसून काजं करतात, बटणं लावतात, आणि समोर टीव्ही चालू असतो. मास्तरांना तो दिसत नाही, फक्त ऐकू येतो. टीव्हीत कुणी न बोलता काही करू लागलं, की मास्तर मशीनवरून विचारतात, "आता काय?" आणि वहिनी कपाटाच्या अलीकडून सांगतात, "जिना चढतेय. रडवेली आहे. हातात पत्र आहे." हा रिवाज पहिल्यापासूनचा. मी त्यांना एकवीस वर्षं ओळखते, पण मास्तरांनी एखादी मालिका डोळ्यांनी पाहिल्याचं मला आठवत नाही.

न पाहता मत मात्र त्यांना प्रत्येक गोष्टीवर असतं. माप घेताना ते बोलतात, आणि गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप असल्यामुळे त्याला ऐकावंच लागतं. घडी घालता येणारा फोन निघाला ही बातमी त्यांनी कापडाच्या अंगाने तपासली. कापडाला घडी पडली तर इस्त्रीने जाते, काचेची कशाने घालवणार, असं त्यांचं म्हणणं. हाक मारली की उत्तर देणारी डबी बाजारात आली तेव्हा ते म्हणाले, आमच्या घरात ती सोय आधीच आहे. हल्लीचे सिनेमे अडीच तासांवरून पावणेदोन तासांवर आले, यात त्यांना शिवणीचा अंदाज चुकल्याची शंका आहे. नायकांच्या कोटांवर तर त्यांचा विशेष राग. पोरं फोनमध्ये कोटाचा फोटो घेऊन येतात, अगदी असाच अंगाला चिकटलेला हवा म्हणतात. त्या कोटात नायक एकदाही खाली बसलेला नाही, हे मास्तर त्यांना वहिनींच्या साक्षीने सांगतात. जावयाने पावलं मोजणारं घड्याळ दिलं, ते मनगटावर काही मोजेना, म्हणून मास्तरांनी पायाच्या घोट्याला बांधून मशीन चालवलं. संध्याकाळी घड्याळाने बारा किलोमीटर चालल्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. आपण स्टुलावरून हललो नाही हे त्यांना माहीत होतं, पण अभिनंदन त्यांनी ठेवून घेतलं.

आता तो मारायचा माणूस. साडेसातला लागणाऱ्या एका मालिकेत मोठं घर आहे, अकरा माणसं आहेत, आणि कुणी न पाहिलेला एक कारखाना आहे. त्या घरात कोपऱ्यात बसून घड्याळं दुरुस्त करणारे एक काका होते. भागात एकच वाक्य बोलायचे, पण सरळ बोलायचे. मास्तरांचा त्यांच्यावर फार जीव, कारण अकरा जणांत हाताला काम असलेला तो एकटाच. चार वर्षांपूर्वी त्या काकांना मालिकेत एका ट्रकने उडवलं. त्या नटाला दुसरीकडे काम मिळालं असावं.

त्या संध्याकाळी शाळेच्या गणवेशांची घाई होती, मशीन सारखं चालू होतं, त्यामुळे मास्तरांना ट्रक ऐकूच आला नाही. आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्यांचा थोरला भाऊ वारला होता. दोघांत सहा वर्षं अबोला होता. तो न सोडताच भाऊ गेला, म्हणून मास्तर कापड उलटं कापत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटापलीकडून विचारलं, "आज काका काही बोलले नाहीत?"  आणखी एक मेलेला माणूस या घरात आज आणायचा नाही, एवढंच वहिनींना सुचलं. त्या म्हणाल्या, काकांचा आवाज गेलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, ते आता चिठ्ठीवर लिहून देतात.

"मग काय लिहिलंय?"

वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं. भाजी गार होत होती. "लिहिलंय, की जेवायला वेळेवर बसावं."

आणि तीस वर्षांत अर्ध्या टिपेवर कधी न थांबलेलं मशीन थांबलं. मास्तर हात धुऊन पाटावर येऊन बसले.

"तेव्हा मला कळलं, बाई," वहिनी म्हणाल्या, "की यांना ऐकू येतं."

तिथून पुढे चार वर्षं काका रोज चिठ्ठी लिहीत होते. मालिकेत मेलेल्या माणसाचं नाव आठवड्यानंतर कुणी काढत नाही, त्यामुळे अडचण आली नाही. गिऱ्हाइकांपुढेही मास्तर काकांविषयी बोलायचे, पण ते त्यांचे सख्खे काका असावेत असं समजून लोक आपुलकीने तब्येत विचारायचे. काकांनी लिहिलं, डोळे चोळत बसण्यापेक्षा चष्म्याचा नंबर तपासावा. मास्तरांनी तपासला. काकांनी लिहिलं, स्टूल दोन बोटं उंच केलं तर कंबर धरणार नाही. केलं. काकांनी लिहिलं, भाऊ गेला तरी पुतण्याने काही आपलं वाईट केलेलं नाही. त्यावर तिसऱ्या दिवशी मास्तर पुतण्याकडे जाऊन त्याच्या लग्नाच्या कोटाचं माप घेऊन आले. हे सगळं वहिनींनी आधी स्वतःच्या तोंडाने सांगून पाहिलेलं होतं. तेव्हा "बघू" असं उत्तर मिळालं होतं.

आणि आता मुलीने वडिलांच्या पासष्टीला सपाट टीव्ही पाठवायचं ठरवलं होतं. तो दुकानात, मशीनच्या बरोब्बर समोर बसणार होता. सोमवारी बसवायला माणूस येणार, आणि साडेसातला मास्तर स्वतःच्या डोळ्यांनी कोपरा पाहणार.

मी शाळेत शिकवत असताना मुलांच्या बऱ्याच थापा निस्तरल्या आहेत, पण चार वर्षं रोज टाके घालून शिवलेली थाप कशी उसवावी, ते मला सांगता येईना. तरी आम्ही प्रयत्न केले. मंगळवारी वहिनींनी काकांना खोकला लावला, तो हळूहळू वाढवायचा बेत होता. पण मास्तरांनी हातातला कोट बाजूला ठेवला, कोणत्या डॉक्टरांचं औषध आहे ते विचारलं, आणि बुधवारी स्वतःच खोकू लागले. वहिनींना काकांना बरं करावं लागलं.

गुरुवारी माझ्या सांगण्यावरून काका परदेशी निघाले, मुलीकडे. मास्तरांनी मशीन न थांबवता विचारलं, की चार वर्षांत ज्यांना मुलगी नव्हती त्यांना ती परदेशात कुठून झाली. शिवाय पासपोर्ट कधी काढला? दाखवला तर नाही. वहिनी म्हणाल्या, शेजाऱ्याची मुलगी, मुलीसारखीच. मग मास्तरांना काळजी पडली, की आवाज गेलेल्या माणसाला विमानतळावर प्रश्न विचारले तर तो काय करील. रात्री ते जेवले नाहीत. शुक्रवारी काका विमानतळावरून परत आले.

शनिवारी वहिनींनी शेवटचा उपाय केला. काकांना आता पडद्यामागे बसवलंय, दिसत नाहीत, चिठ्ठी तेवढी बाहेर येते, असं सांगितलं. हे सांगताना त्यांना फार हुशारी वाटली होती. पण मास्तर संतापले. हयातभर काम केलेल्या माणसाला म्हातारपणी पडद्यामागे बसवायचं? त्यांनी टीव्हीवर ऐकलेल्या नंबरावर फोनवरून तक्रार लिहून पाठवली. लगेच उत्तर आलं: आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. मास्तरांनी ते मला वर येऊन दाखवलं. त्यांच्या मते याचा अर्थ एकच होता, सोमवारी काका पडद्याबाहेर दिसणार.

सोमवारी टीव्ही बसला. साडेसातला मास्तरांनी मशीन थांबवलं, चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच त्या घरातली अकरा माणसं पाहिली. दहाच निघाली. मी खुर्चीवर होते, वहिनी कपाटाच्या कडेला उभ्या होत्या, हातात सुई तशीच. मास्तर टीव्हीजवळ गेले, एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं, आणि खिशातून टेप काढून टीव्हीची लांबी-रुंदी घेतली. मग मागच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीचीही घेतली.

"कोपरा कापलाय यांनी," ते म्हणाले. "जुना टीव्ही उभट, हा आडवा. बेतताना मार्जिन सोडलेलं नाही. काका कडेला बसतात, ते शिवणीत गेले."

वहिनींना तिथेच बोलायला हवं होतं, असं मला नंतर वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा असा आनंद पसरला, की मीही गप्प बसले. मास्तर दुसऱ्या दिवशी कंपनीच्या फोनवर पाऊण तास होते. टीव्हीत एक माणूस दिसत नाही, ही तक्रार कोणत्या सदरात घ्यायची हे पलीकडच्या मुलीला कळत नव्हतं. शेवटी तिने ती 'चित्र अपुरे' मध्ये घेतली.

गुरुवारी संध्याकाळी दुरुस्तीवाला आला. पन्नाशीचा, जाड, गुडघे धरून बसणारा माणूस. त्याने रिमोटने चित्र लांब केलं, रुंद केलं. दहाही माणसं आधी बारीक झाली, मग लठ्ठ झाली, पण अकरावा कुठून येईना. मास्तर त्याच्या खांद्यावरून बोट दाखवत होते, तिथे, त्या खिडकीच्या खाली, घड्याळं घेऊन बसतात बघा.

"घड्याळवाले काका?" दुरुस्तीवाला वळून म्हणाला. "मास्तर, ही मालिका आमची आई न चुकता..."

एवढं बोलून तो थांबला, कारण त्याला वहिनी दिसल्या. त्यांचा रंग उडालेला होता. त्या माणसाला काय कळलं कोण जाणे, पण त्याने रिमोट खाली ठेवला आणि आपल्या पिशवीत काहीतरी शोधू लागला. ते बराच वेळ सापडत नव्हतं. म्हणजे सांगायचं की नाही, हे त्याने वहिनींवर सोडलं.

वहिनी कपाटाला वळसा घालून दुकानात आल्या.

"अहो, ते गेले," त्या म्हणाल्या. "चार वर्षं झाली. ट्रकने."

मास्तरांनी टीव्हीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मग चिठ्ठ्या?"

"माझ्या."

"चष्म्याचं?"

"मीच."

"स्टूल?"

"तेही."

मास्तर त्या दोन बोटं उंच केलेल्या स्टुलावर बसले. पुतण्याचं त्यांनी विचारलं नाही, नुसतं वर पाहिलं, आणि वहिनींनी मान हलवली. बराच वेळ टीव्हीतली लठ्ठ माणसंच तेवढी बोलत होती. दुरुस्तीवाल्याने कागदावर 'कोपरा व्यवस्थित आहे' असं लिहून मास्तरांची सही घेतली आणि गुडघे सावरत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. दाराला चिठ्ठी: घरातले वारल्यामुळे आज काम नाही. गिऱ्हाइकं भेटायला आली. कोणते काका, तेच ना, आवाज गेलेले, असं हळू आवाजात विचारून जमिनीकडे बघत बसली. मास्तरांनी कुणाचाही समज दुरुस्त केला नाही. ट्रकने, असं ते सांगत होते. एकाने त्या ट्रकवाल्याला पकडलं का विचारलं, तेव्हा मास्तरांनी मागे वळून वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, नाही, ते पुढे दाखवलंच नाही. पुतण्या सर्वांत लांबून आला, तो वहिनींशेजारी बसून राहिला, आणि त्याला खरं काय ते त्यांनीच सांगितलं असावं, कारण तो तोंडावर रुमाल धरून हलत होता. रडतोय असं समजून लोकांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला.

त्यानंतर तीन दिवस मास्तर वहिनींशी बोलले नाहीत. त्या तीन दिवसांत वहिनींनी माझ्याकडे येऊन एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: रागावले त्याचं काही नाही, पण आता मी जेवायला बसा म्हटलं तर कोण बसणार? तीन दिवस कपाटापलीकडून "आता काय?" आलं नव्हतं. टीव्ही दुकानात बंद होता. एक पोरगा नवा कोट अंगाला बसतो का ते पाहायला आला, आणि आरसा सोडून त्या काळ्या काचेत स्वतःला न्याहाळत उभा राहिला.

चौथ्या दिवशी मी बटण लावून घ्यायला खाली गेले होते. तोच पोरगा कोट घालून उभा होता, फोनमधल्या नायकासारखा अजून आत घ्या म्हणत होता. मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी कोट पाठीवर चिमटीत धरला, सोडला, पुन्हा धरला. मग टाचण्या तळहातावर काढून घेतल्या.

"अगं," ते कपाटाकडे तोंड करून म्हणाले, "इकडे ये जरा. तुला काय वाटतं?"

 वहिनी लगेच आल्या नाहीत. कपाटापलीकडून त्यांचा आवाज आला.

"लिहून देते."

खरंच त्यांनी कागद घेतला. चार वर्षांत इतक्या चिठ्ठ्या झाल्या, पण हातात धरता येईल अशी ही पहिलीच. वहिनी कपाटाच्या कडेने आल्या, चिठ्ठी मास्तरांच्या हातात दिली आणि पदराला हात पुसत तिथेच उभ्या राहिल्या. मास्तरांनी चष्मा लावून ती वाचली. मग पोराच्या अंगावरचा कोट सैल करून खडूने नवी रेघ मारली.

चिठ्ठी टेबलावरच राहिली होती, म्हणून मलाही वाचता आली. लिहिलं होतं: अर्धा इंच मोकळा ठेवा. मुलगा जेवणार आहे.