भिंतीवरचा जादा ‘ण’

फोन आला तेव्हा मी महापेला कंपनीत डबा उघडून बसले होते. मनोहरचा, माझ्या नवऱ्याचा. “आई...” एवढंच म्हणाला. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, “शिडीवरून पडल्या का?” नाही. शिडी भिंतीला तशीच उभी होती. दारापुढच्या ओट्यावर चहा पिता पिता आई एका अंगाला कलंडल्या आणि सगळं संपलं. मी घरी पोचले तेव्हा रंगाचा ब्रश पाण्याच्या डब्यात भिजत घातलेला होता. म्हणजे चहा झाला की पुन्हा कामाला लागायचा बेत होता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, जानकीबाई. शिरवणे गावठाणातलं आमचं घर जुनं, भोवती आता इमारतींचा गराडा. कारखान्यांच्या बाजूची भिंत दोन पावसाळ्यांत काळी पडते, बाकीच्या भिंतींना शेवाळ धरतं. त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी उन्हाळ्यात आई रंगकाम काढत, आणि ते स्वतः करत. वरच्या खोल्यांचं भाडं येत होतं, पेंटर परवडत नव्हता असं मुळीच नाही. पण शहर वसवायला सरकारने शेतं घेतली तेव्हा आईंचे हात रिकामे पडले होते, आणि रिकामे हात त्यांना सोसत नसत. लुगडं खोचायचं, तारेच्या ब्रशने पोपडे खरवडायचे, मग भिंतीवर पाणी मारायचं. “आदी पानी पाज तिला. तानलेली भित रंग पिऊन टाकते.” मी मदतीला गेले की, “ब्रश धरलास का लाटना?” रंग ठरलेला, पोपटी. पलीकडे विमानतळ होणार म्हटल्यावर तर म्हणाल्या, “बरा झाला. इमानवाल्यांना वरून आपला घर वलकाला येल.”

या पोपटी भिंतीत दाराशेजारी एक चौकोन आहे, त्याला मात्र रंगाचा हात कधी लागला नाही. इथे लग्नघराच्या भिंतीवर नवरानवरीची नावं रंगवून घेतात. ‘मनोहर – शालन’ असं लिहायचं होतं. शालन हे माझं माहेरचं नाव. आम्ही साताऱ्याकडचे, वडील इथे बाजारात माथाडी. आता या गावांच्या बोलीत ‘ण’ नाही, सगळा ‘न’च, आणि त्यावरून इथल्या माणसांना शाळेपासून लोक हसत आलेले. बोर्ड रंगवणारा गावातलाच. चूक नको म्हणून त्या बिचाऱ्याने माझ्या नावात चांगला ठसठशीत ‘ण’ काढून ठेवला. शालण! नवी नवरी म्हणून दारात उभी असताना मी ते वाचलं आणि मला हसू आवरेना. आईंनी रोखून पाहिलं. म्हणाल्या, “आमच्यात ता अक्षर नाय म्हून हसता ना तुमी? घे, तुला एक जादा दिला.”

त्याच दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं, मानसी. रेशनकार्डावर मानसी, कंपनीत मानसी. लग्नानंतर पहिल्यांदा रंगकाम निघालं तेव्हा मीच म्हटलं, आई, ते नाव बुजवून टाका, चुकलेलंही आहे आणि आता माझंही नाही. आईंनी छोटा ब्रश घेतला आणि चौकोनाच्या कडेकडेने सावकाश फिरवला. मान न वळवता म्हणाल्या, “माजा पन नाव पालटला लग्नान. कुठं लिवलेला नव्हता, गेला. तुजा लिवलेला हाय, तर ऱ्हाऊ दे.” मी विचारलं, काय होतं तुमचं नाव? “आता काय करतेस त्याला? डबा दे इकडं.” मग दर खेपेला भोवती रंगाचे थर चढत गेले आणि चौकोन आत आत जात राहिला. आज बोट फिरवलं तर त्याची कड लागते.

माझे वडील गेले तेव्हा मी माहेरून येऊन ओट्यावर नुसती बसून राहिले होते. शालन म्हणून हाक मारणारं आता कोणी उरलं नाही, एवढंच डोक्यात. आई बाहेर आल्या, शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, “शालन, चल, दोन घास खा.” मी काही बोलले नव्हते. त्यांना कसं कळलं, ठाऊक नाही. त्यानंतर पुन्हा मानसीच. पण ती हाक मी जपून ठेवली होती... आता ती मारणारंही माणूस गेलं.

बाराव्याला उलव्याहून त्यांचे धाकटे भाऊ आले. मामांना दिसतं कमी. भिंतीला धरत धरत ओट्यावर चढले. तीन भिंती झाल्या होत्या, ही दर्शनी तेवढी अर्धी राहिलेली. नव्या रंगावरून जुन्यावर हात आला तसे थांबले. पुन्हा मागे चाचपून पाहिलं. मग भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले, “चांगुना... पुरी पन नाय केलीस गो.”

“मामा, कोण चांगुना?”

“आमची चांगुना. सासरी जानकी झाली. मी कवा बोल्लो नाय जानकी.”

मी स्वयंपाकघरात गेले आणि पोटभर रडले. आई गेल्याचं खरं रडू मला त्या दिवशी आलं.

परवा मनोहर म्हणाला, “पावसाच्या आधी ही भिंत उरकायला पाहिजे. पेंटर बोलावतो. पुट्टी भरून एकदम प्लेन करून टाकतील, टेन्शन नको.” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पुट्टी भरली की चौकोनही भरला. मी म्हटलं, “भिंत मी करते.” तो शिडीकडे बघत राहिला, मग येऊन त्यानेच ती धरली.

आईंचा ब्रश कडक झाला होता. कोमट पाण्यात भिजवून सोडवला. भिंतीला आधी पाणी पाजलं. त्यांचा हात जिथे थांबला आणि माझा सुरू झाला तिथे रंग जरा वेगळा दिसतो, पुसट रेघ आहे. दुसरा हात दिला तरी गेली नाही. मीही ती घालवायच्या फार मागे लागले नाही. चौकोनाभोवती छोटा ब्रश फिरवला. मग लाल ऑइलपेंटची छोटी डबी उघडली आणि आमच्या नावांच्या खाली तीन अक्षरं लिहिली. चां, गु, ना... मामांच्या तोंडून आली तशीच.

माझी मुलगी कॉलेजातून आली, बॅग खांद्याला तशीच ठेवून वाचत उभी राहिली. म्हणाली, “मम्मी, चांगुणा पाहिजे ना? ‘ण’ राहिला तुझा.”

“राहू दे,” मी म्हटलं. “त्यांचा ‘ण’ माझ्याकडे आहे.”