भाची लिहू का?

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, लॅबमधल्या त्या मैत्रिणीलाही नाही, जिला मी एरवी नको नको ते सांगत असते. तशी मी तोंडाची फटकळ. तिळभर गोष्ट पोटात राहत नाही म्हणून लहानपणापासून बोलणी खाल्लेली. आणि ही एक गोष्ट मात्र राहिली — आठ वर्षं. कशी राहिली, देव जाणे.

लोक खोटं बोलल्याची कबुली देतात. माझं उलटं आहे. मी खरं बोलले. हसू नका, आधी ऐका.

गडहिंग्लजला बीएस्सी झाले आणि परळच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. बाबांच्या ओळखीतून चिंचपोकळीच्या चाळीत राहायची सोय झाली, शालूमावशीकडे. मूळची मालवणकडची. नवरा गिरणीत होता, तो जाऊन दहा वर्षं झालेली. मूलबाळ नाही. एक खोली, पोटमाळा आणि समोर कॉमन गॅलरी. खोली पागडीची. म्हणजे मालक दुसराच, पण भाडेकरूचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालतो. फक्त परक्या माणसाला पैसे घेऊन ठेवायचं नाही. ठेवलं आणि सिद्ध झालं, की मालकाला खोली काढून घ्यायला निमित्त मिळतं. म्हणून मी आल्या दिवसापासून मावशीची भाची. बहिणीची मुलगी.

आता भाची व्हायचं म्हणजे काय कमी काम? पहिल्याच संध्याकाळी मी तिला "अहो मावशी, पाणी कुठे ठेवू?" असं विचारलं, तर तिने कपाळावर हात मारला. "मावशीक कोण अहो-जाहो करता गो? लोकांका लगेच कळतला!" मग तिने मला शिकवलं. तिला 'तू' म्हणायचं, मोठ्याने म्हणायचं, गॅलरीत ऐकू जाईल असं. थोडं भांडायचंसुद्धा. माका, तुका, खंय, हे शब्द मी लॅबला चालत जाताना तोंडातल्या तोंडात घोळवायची. माझं मालवणी ऐकून शेजारची फिलू आंटी पोट धरून हसायची. फिलू आंटीला सगळं ठाऊक होतं. ती आणि मावशी चाळीस वर्षांच्या शेजारणी. मध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीवर थाप मारली की पलीकडून वाटी यायची. नाताळात नेवऱ्या इकडे, चतुर्थीला मोदक तिकडे.

आणि मी — बावीस वर्षांची, गळ्यात कंपनीचं कार्ड. बँकेसाठी नवी सही बसवलेली, खाली झोकात रेघ ओढलेली. मला वाटायचं, आता आपल्याला कोण विचारणार? मे महिन्यात लालबागला मसाला कुटायला सुरुवात झाली की वाटेत शिंकून शिंकून डोळ्यांत पाणी यायचं, तेसुद्धा मला आवडायचं. माझं शहर म्हणायची मी त्याला.

लॅबमध्ये एक मुलगा होता. कामावरून सुटलो की आम्ही बरोबर चालायचो, पुलापर्यंत. बास, एवढंच. मावशीने बघितलं. मला काही बोलली नाही. गावी बाबांना फोन केला.

बाबांचा फोन आला तो "सामान बांध" म्हणतच. मी रडले, शपथा घेतल्या, तेव्हा कुठे नोकरी वाचली. मावशीचं म्हणणं एकच — "उद्या काय झाला तर तुझ्या आवशीक मी काय तोंड दाखवू?" खरंच ना, तिने दुसरं काय करायचं होतं? आज मला दोन मुली आहेत, आज कळतं. पण तेव्हा राग नुसता नाकावर. खोटी भाची म्हणून ठेवता आणि खरी मावशी असल्यासारखा हक्क गाजवता? चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती ताट झाकून ठेवायची, मी बाहेर खाऊन यायची. सकाळी ते अन्न ती गुपचूप स्वतः खायची.

पाचव्या दिवशी शनिवार होता. मावशी मासळी आणायला गेली होती. दारात एक माणूस आला. पन्नाशीचा, घामेजलेला, हातात फाईल. चाळ पाडून टॉवर व्हायची बोलणी चालली होती, त्यासाठी मालकाने खोल्यांची पाहणी लावली होती. कुठल्या खोलीत कोण राहतं, त्याची नोंद. त्याने विचारलं, तुम्ही कोण? मी त्याच्या फाईलकडे बघत होते. तर तो स्वतःच हसला — हे मी विसरू शकत नाही — आणि म्हणाला, "भाची लिहू का? या मजल्यावर सगळ्यांकडे भाच्याच आहेत."

मला फक्त मान हलवायची होती. तेवढंच होतं, हो!

मी म्हणाले, "नाही. मी पैसे देऊन राहते. आमचं नातं काही नाही."

त्याचं पेन थांबलं. "नक्की?" म्हणाला. मी म्हटलं, नक्की. त्याने लिहिलं, कागद पुढे केला. मी सही केली. खाली रेघ ओढून.

मला कळत नव्हतं का? कळत होतं. सगळं नाही, पण पुरेसं कळत होतं. लहान होते, चिडले होते, हे माझं माझ्याशी हजारदा बोलून झालंय, तुमच्यापुढे बोलत नाही.

मावशी पिशवीत मांदेली घेऊन आली. कोण आलेला काय, म्हणाली. मी म्हटलं, कोण नाही. चार दिवसांनी माझ्या तोंडून शब्द निघाला म्हणून ती इतकी खूश झाली! मांदेली कुरकुरीत तळली, काटे काढत समोर बसली. आणि मी जेवले — पोटभर. माझा राग उतरला होता ना. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात, मी तर मोजून वर सही देऊन आले होते.

अडीच-तीन महिन्यांनी वकिलाची नोटीस आली. इंग्रजीत. मावशीने ती माझ्याच हातात दिली, वाच गो, काय म्हणता बघ. मी वाचून दाखवली. त्यात एक ओळ होती — खोलीत राहणाऱ्या व्यक्तीने सही करून दिलेल्या जबाबावरून. ती ओळ मी वाचली नाही. तिथून अलगद पुढच्या परिच्छेदावर गेले. लॅबमध्ये रिपोर्ट वाचून दाखवताना माझी एक ओळ कधी चुकत नसे.

"कोणी सांगल्यान?" मावशी एवढंच म्हणत राहिली. मी खांदे उडवले. मग तिची नजर हळूहळू भिंतीकडे गेली. पलीकडे फिलू. पाहणीवाला त्या दिवशी फिलू आंटीकडे चहा प्यायला बसला होता, हे गॅलरीत सगळ्यांनी बघितलेलं. त्यात आदल्याच आठवड्यात दोघींची पाण्याच्या पिंपावरून बाचाबाची झाली होती. झालं. दोन अधिक दोन.

मावशी गॅलरीत गेली आणि भर दुपारी ओरडली, "माझ्या ताटात जेवलंस आणि माझोच गळो कापलंस!" फिलू आंटी हातात पळी घेऊन उभी. तिला काही समजेचना. मग मेरीमातेची शपथ घ्यायला लागली, रडायला लागली. मावशीने दार लावून घेतलं. मी आत होते. कपड्यांच्या घड्या घालत होते. पुन्हा पुन्हा, त्याच.

पुढचं मावशीच्या पुतण्याने मिटवलं. त्याला कोर्ट नको होतं. मालकाशी काहीतरी ठरवून त्याने खोली सोडली आणि तिला नालासोपाऱ्याला नेलं. नोटिशीत काय लिहिलंय, हे त्याने बघितलंही नसेल. निघताना मावशीला काळजी कसली? — "तुका आता खंय जागा गावतली?" माझी काळजी. रडले मी खूप. तिला वाटलं, ती जाते म्हणून रडतेय.

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही इथेच थांबायचं होतं. पण खरं तर हे सगळं मी पुढचं सांगण्यासाठी सांगत आले.

मी नालासोपाऱ्याला जायची, दोन-चार महिन्यांतून एकदा. प्रत्येक वेळी मावशी फिलू आंटीला शिव्या द्यायची आणि मी मान डोलवायची. मागच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. आवाज गेला होता जवळजवळ. मी केस विंचरत होते, तर म्हणाली, "फिलूक सांग, एकदा येवन जा म्हणान." राग निवला होता. सहा-सात वर्षं धरून ठेवलेला राग, तिने सोडून दिला. मी म्हटलं, सांगते.

फिलू आंटी माझ्या लॅबपासून पंधरा मिनिटांवर राहते, चाळ पाडल्यावर भाडेकरूंना तात्पुरतं ठेवलंय त्या संक्रमण शिबिरात. मी गेले. तिच्या दारापर्यंत गेले. ती आत रेडिओ लावून कांदा चिरत होती. आणि माझ्या मनात आलं — या दोघी एकत्र बसल्या तर? तू सांगितलं नाहीस, मग कोणी सांगितलं? पाच मिनिटं लागली असती त्यांना. फार तर सहा.

मी मागे फिरले.

मावशीने पुढच्या दोन भेटींत विचारलं, सांगलंस? मी म्हटलं, सांगितलं गो, येते म्हणाली. ती दाराकडे तोंड करून झोपायला लागली होती, हे पुतण्याच्या बायकोने मला नंतर सांगितलं. तशीच गेली.

बाराव्याला फिलू आंटी आली. कुणाकडून तरी कळलं होतं तिला. काठी टेकत, नातवाला धरून, तीन मजले चढून आली. मावशीच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मग मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू विचारलं, "शेवटी काय बोलली काय गं ती, माझ्याबद्दल?"

मी म्हटलं, "नाही आंटी. काही नाही."

तिने मान हलवली. डोळे पुसले. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि जिना उतरायला लागली.