बांगड्याचा बी, सुरमईचा एस

मासे साफ केल्यावर हात कितीही धुवा, एखादा खवला नखाशी चिकटून राहतोच. आमच्या दुकानातले किस्से तसेच चिकटलेत मला. मीही ते झटकत नाही.

दुकान म्हणजे माझ्या मुलीचं, संध्याचं, सायबर कॅफे. मालवणात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. तीन कॉम्प्युटर! पूर्वी त्या खोलीत माझी जाळी असायची. गुडघ्यांनी होडी सोडायला लावली, तेव्हा जाळी काढली आणि खोली तिला दिली. होडीतला माझा जुना जोडीदार बाबी सगळ्या मासळी बाजारासमोर म्हणाला, "चेडवाक दुकान दिलंस, पण तू थंय बसान काय करतलंस? तुका सही करूक येणा नाय!"

त्याचा स्वतःचा अंगठाच होता, पण बोलला ते खरं होतं. माझी शाळा दुसरीत सुटली. संध्याही सांगायची, "बाबानू, तुमी नुसते बसा. बटणाक हात लावू नकात." मी बसायचो. पण पोरीच्या कशाला तरी उपयोगी पडावं, एवढं एकच मनात असायचं.

* * *

तेव्हा आमच्याकडे गिफ्ट कार्डं यायला लागली. घरटी एक मुलगा बोटीवर, नाही तर आखातात. तिकडून तो कार्ड पाठवायचा. मागची चंदेरी पट्टी खरवडायची, खालचा नंबर कॉम्प्युटरवर घालायचा, की गाणी घ्या, गेम घ्या. दुकान कुठे दिसत नाही, सगळं कॉम्प्युटरच्या आत!

ओरोसच्या कचेरीतले एक भाऊ कार्ड घेऊन आले. संध्या नाण्याने खरवडते, खरवडते, पट्टी हलेना. मग तिने कार्ड उजेडात धरलं.

"भाऊ, हे लॅमिनेट केलंय?"

"मग! महत्त्वाचा कागद हातात आला की आधी लॅमिनेशन. नोकरीतली सवय आहे."

अर्धा तास ब्लेडने प्लास्टिक कापून तिने नंबर शाबूत बाहेर काढला. भाऊ खूश.

"वा! आता पुन्हा लॅमिनेट करून ठेवतो!"

* * *

मासे विकणारी कमळ काकी. भाच्याने पाठवलेल्या कार्डावर तिच्या नातवाने गेम घेतला. आठवड्याने काकी तेच कार्ड घेऊन हजर.

"गो संध्या, आजून एक गेम घाल."

"काकी, कार्ड संपला."

"संपला कसा? ह्या बघ, माझ्या हातात आसा!"

संध्याने शांतपणे समजावलं. "शहाळ्यातला पाणी पिल्यार सोडण हातात रवता ना? तसा ह्या."

काकीने कार्ड उलटसुलट पाहिलं. "सोडण सुकवून चुलीत तरी घालूक येता!"

* * *

फिलोमिनाबाई शाळेत शिकवायच्या. त्यांच्या भावाचं कार्ड अमेरिकेहून पोस्टाने आलं. नंबर घातला, तर कॉम्प्युटर म्हणाला, हे कार्ड फक्त अमेरिकेतच चालेल. संध्याला वाईट वाटलं. बाईंना नाही. त्या दारातल्या उन्हात उभ्या राहून विचार करत होत्या.

"असू दे गो. नाताळाक त्येकाच भेट म्हणान धाडतंय. त्येका वाटतला, बहिणीन केवढो खर्च केल्यान!"

तेव्हापासून संध्या बाहेरच्या पोरांना आधीच कळवायची, कुठलं कार्ड इथे चालतं ते. बोटीबोटीवर तिचं नाव पोचलं होतं!

* * *

काही पोरं कार्ड पाठवायचीच नाहीत, फोनवरून नुसता नंबर सांगायची. लाइन खरखरायची, म्हणून संध्या मोठ्याने म्हणायची, "बी फॉर बॉम्बे, एस फॉर सोलापूर." ती कुठलं बटण दाबते ते बघत मी कोपऱ्यात बसून मनात माझं लावायचो. बी बांगडा. एस सुरमई. पी पापलेट. टी तारली, एच हलवा, के कर्ली. मासे संपले तिथे ए आंब्याचा आणि एन नांगराचा. आकडे तर मला येतच होते.

एकदा धुवायला घेतलेल्या सदऱ्याच्या खिशात संध्याला माझा कागद सापडला. प्रत्येक अक्षरापुढे मी मासा काढला होता, मासा नव्हता तिथे आंबा, नांगर. तिने तो उलगडून नीट बघितला. घडी घालून कागद परत माझ्या हातात दिला.

* * *

आणि मग बाबीचा दिवस उजाडला.

बाबीच्या नातीचा दुसऱ्या दिवशी शाळेत नाच. त्यासाठीचं गाणं घ्यायला तिच्या बापाने बोटीवरून कार्ड पाठवलेलं, आणि त्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. बाबी सकाळी आला तो कार्ड घरी देवापुढे विसरून! संध्याने कॉम्प्युटरवर नंबर घालायची जागा उघडून ठेवली आणि म्हणाली, "काका, कार्ड आणून ठेवा. मी ओरोसाक जावन दोनच्या गाडीन येतंय."

दोनची गाडी आली नाही. चारला तिचा फोन आला, गाडी वाटेत बंद पडली म्हणून. पाचला लाइट जायची, ती रात्र होईपर्यंत यायची नाही.

बाबी कार्ड आणून, पट्टी खरवडून उभा. तोंड एवढंसं झालेलं.

"बाबी, बस," मी म्हणालो.

"खंय?"

"बाजूक. बटणाक हात लावू नको."

एका बोटाने सुरू केलं. "बांगडो... सुरमई... सात... कर्ली..." दारात कमळ काकी टोपली घेऊन थांबली. "ह्यो नंबर घालता काय मासळी इकता?"

अक्षरं-आकडे मिळून सोळा झाले. संध्या शेवटी जे मोठं बटण दाबते, ते दाबलं. पडदा पांढरा झाला आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ आली. कार्ड घेतलं, की नातीचं गाणं बुडालं? बाबी माझ्याकडे बघतोय, मी ओळीकडे. पाचला सात कमी.

मी संध्याला फोन लावला. "पाटी इली. वाचतंय, आयक. तारली. हलवो. आंबो. नांगर. कर्ली..."

पलीकडे संध्या एकेक अक्षर जुळवत गेली.

"बाबानू," ती म्हणाली, "झाला. तुमका थँक्यू म्हणता ता."

मी बाबीकडे बघून मान डोलावली. बाबीने माझ्या हातातून फोन घेतला आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला, "गो संध्या, सावकाश ये! हय तुझो बापूस आसा!"