आंबदरीतला सोफा

राजकुमारला मी एकदाच भेटले, आणि तेही दुसऱ्या कुणाच्या वतीनं. माझी चुलत बहीण मोनिका हिच्यासाठी त्याचं स्थळ आलं होतं आणि रविवारी घर बघायला जायचं ठरलं होतं. मोनिका उस्मानपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. तिला त्या दिवशी सुट्टी नव्हती. असती तरी ती आली नसती.

"तू जा पप्पांसोबत," ती म्हणाली. "पप्पा भिंती बघतील, तू माणूस बघ. अन् आधी रेंज येते का ते बघ."

तिचे पप्पा म्हणजे साहेबरावकाका, माझे थोरले चुलते. शहागंजात त्यांचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गाव सोडून त्यांना इतकी वर्षं झालीत, की रस्त्याकडेला वावरं सुरू झाली की ते धुळीचं निमित्त करून गाडीची काच वर घेतात.

पैठण रस्त्यानं आम्ही चितेगाव ओलांडलं. कारखान्यांच्या लांबच लांब भिंती मागं पडत होत्या. "यातल्याच कुठल्या तरी कंपनीत आहे म्हणे," काका म्हणाले. मग डावीकडं आत वळलो. आधी डांबर संपलं, नंतर खडी. एक खिंड लागली, आणि खाली आंबदरी दिसली.

दोन्ही बाजूंनी बोडके डोंगर आणि मधोमध ओढ्याच्या कडेनं लांबट पसरलेली ज्वारी. माघाचं ऊन होतं. कणसं हुरड्याला आली होती. घरं एकमेकांपासून दूर, प्रत्येक आपापल्या वावरात. काकांनी वाट विचारायला गाडी थांबवली तेव्हा ओढ्यावर एक बाई धुणं बडवत होती. तिचा हात आधी खाली यायचा, आवाज नंतर पोचायचा. इतकं शांत होतं सगळं. तरी त्या शांततेत काहीतरी खटकत होतं. ते काय, हे थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं. एवढ्या मोठ्या दरीत एकाही लहान मुलाचा आवाज नव्हता.

राजकुमारची आई, चंपाबाई, अंगणातच उभी होती. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"आली माझी माय. हीच ना आमची मोनिका?"

"नाही, मी तिची चुलत बहीण."

"असू दे, असू दे," ती म्हणाली. पण हात सोडायला तिला जरा वेळ लागला.

पुढच्या खोलीला ताजा गुलाबी रंग दिला होता. आतल्या खोलीच्या चौकटीपाशी तो संपत होता. समोर गडद लाल रेक्झिनचा भलाथोरला सोफा होता. त्या छोट्या खोलीत तो असा वाटत होता, जणू खोलीच त्याच्याभोवती बांधलीय. आम्हाला त्यावर बसवलं. बाकी कुणी बसलं नाही. चंपाबाई उंबऱ्याशी टेकली. शेजारचा सांडू म्हणून एक गडी पाहुण्यांचं करायला आला होता, तो दारात उभा राहिला. राजकुमार चहाचा ट्रे घेऊन आला. उंच, किंचित वाकलेला, कानशिलावरचे केस पांढरे. ट्रे ठेवून तो भिंतीशी खाली सतरंजीवर बसला.

"नोकरी पर्मनंट आहे का?" काकांनी विचारलं.

"नाय. कॉन्ट्रॅक्टवर."

"होईल की पर्मनंट," सांडू दारातून म्हणाला. "साहेबाची लई मर्जी हाय याच्यावर."

"कोणत्या साहेबाची?" राजकुमारनं विचारलं.

सांडूनं त्याच्याकडं असं पाहिलं, की मला हसू दाबावं लागलं. चंपाबाईनं घाईनं चिवड्याची बशी पुढं सरकवली.

काका बोलू लागले की त्यांच्या हाताला चाळा लागतो. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना ते वॉशर फिरवत बसतात. आता ते पाऊस, रस्ता असं काहीबाही बोलत होते आणि त्यांचं बोट सोफ्याच्या हाताखालच्या शिवणीशी गेलं. तिथं उंदरानं कुरतडल्यासारखं एक भोक होतं. बोट त्यात शिरलं, आणि काका बोलायचे थांबले. त्यांनी वाकून भोक पाहिलं. मग सोफ्याची पाठ, मग पाय.

"या सोफ्यावर मी बसलोय," ते म्हणाले.

सांडूनं राजकुमारकडं पाहिलं.

"मित्राच्या पोरीसाठी आलो होतो ना मागं, याच दरीत. सत्यम नावाचा मुलगा. वरच्या अंगाला घर होतं. तिथं होता हा. हेच भोक."

"सोफे काय पाव्हणं, सगळे एका दुकानातलेच असतात," सांडू हसत म्हणाला.

"अन् भोकं? तीबी दुकानातूनच पाडून देतात?"

सांडूचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. त्याचं काय करावं ते त्याला कळेना. बोलली ती चंपाबाई.

"आमचा नाय हा, दादा. सांडूचा हाय. ज्याच्याकडं पाव्हणं येतात, त्याच्याकडं आणतात पोरं उचलून. पडदेबी मागून आणलेत." थोडं थांबून ती म्हणाली, "टीव्ही तेवढा आमचा हाय."

काकांनी चहा संपवला. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "बायोडाटात मोसंबीची बाग लिहिलीय," ते घड्याळ बघत म्हणाले. "ती तरी बघून घे गं. माझा गुडघा नाही चालायचा."

राजकुमार उठला. "चला ताई. दाखवतो."

बांधावरून तो पुढं चालत होता. मागं न बघताच त्यानं सोफ्याची गोष्ट सांगितली. सांडूचं लग्न हे आंबदरीतलं शेवटचं लग्न. सासऱ्यानं सोफा दिला होता. ट्रॅक्टरमधून आला तेव्हा दरीतली सगळी माणसं बघायला जमली होती. मुलगा शाळेच्या वयाचा झाला तशी सांडूची बायको त्याला घेऊन वाळूजला गेली. तिथं एक खोली आहे. सांडूही तिथंच राहतो, रविवारचा तेवढा येतो.

"सोफाबी नेला होता त्यांनी. पण खोलीच्या दारातनं आत जाईना. म्हणून परत आणला," राजकुमार म्हणाला. "गेला असता तर आम्ही कशावर बसवलं असतं पाव्हण्यांना?"

तो हसला, म्हणून मीही हसले. मग आम्ही बागेपाशी पोचलो.

झाडं सगळी उभी होती, ओळीनं, सारख्या अंतरावर. एकालाही पान नव्हतं. फांद्या करड्या पडल्या होत्या आणि बुंध्यांभोवतीची आळी मात्र अजून गोल, नीट बांधलेली होती.

"वडील गेले त्या वर्षी लावली होती मी," तो म्हणाला. "बीए झालो, अन् इथंच राहायचं ठरवलं. लई चांगली आली होती. फळ धरायला लागली तेव्हा आईनं माझ्यासाठी बघायला सुरुवात केली. मुलगा काय करतो? शेती म्हटलं की फोन कट. दरीतल्या सगळ्या पोरांचं तेच. मग कुणीतरी म्हटलं, लग्नापुरती नोकरी धर, लग्न झालं की सोडून दे. सत्यमनंबी धरली, मीबी धरली. मोटारीला लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. कंपनीची ड्यूटीबी तशीच फिरती. मी घरी तेव्हा लाईट नाय, लाईट असायची तेव्हा मी तिथं खोकी चिकटवत. आईनं पाणी देऊन बघितलं. पण मोटार बिघडली की ती काय करणार? दोन उन्हाळ्यांत गेली सगळी."

"तोडली का नाही?"

"लांबून बाग दिसते ना," तो म्हणाला. "खिंडीतनं येणाऱ्याला."

एका वाळल्या फांदीला हात लावायला त्याचा हात उचलला गेला आणि तसाच खाली आला. आता काकांनी सोफा ओळखल्यावर त्याच्याकडं झाकायला काही उरलं नव्हतं, म्हणून असेल, तो अगदी सरळ बोलत होता. आवाजात तक्रार नव्हती. तेच मला ऐकवत नव्हतं.

"नोकरी सोडून पुन्हा लावता येईल की," मी म्हटलं.

"सोडली तर स्थळ येत नाय. न सोडता लावली तर जगत नाय." मग तो माझ्याकडं वळला. "त्यांनी काय विचारलं होतं? मोनिकांनी?"

"रेंज येते का, असं."

"वर खडकावर येते." तो थोडा घुटमळला. "त्यांना एक सांगाल का? मी शहरात येईन. खोली घेईन भाड्यानं. इथं नाय राहावं लागणार त्यांना. आईचं मी बघतो काय ते. एवढं सांगून बघा."

मी त्याच्याकडं पाहिलं. ज्या दरीसाठी तो बीए होऊन परत आला होता, ती त्यानं एका वाक्यात सोडून दिली होती. आवाज जरासुद्धा हलला नव्हता. हे वाक्य त्याचं आधीच म्हणून झालेलं असावं, रात्रपाळीहून येताना बसमध्ये, कितीदा तरी.

खडकावर चढून मी मोनिकाला फोन लावला. तो खाली, आवाज पोचणार नाही इतक्या अंतरावर थांबला. सगळं दरीकडं पाठ करून सांगितलं. तिच्या बाजूला कुणीतरी टोकन नंबर पुकारत होतं.

"अगं, पण मग," मोनिका म्हणाली, "भाड्याच्या खोलीत राहणारे इथं शहरात काय कमी आहेत? त्यासाठी दरीत कशाला जायचं?" आणि लगेच, हळू आवाजात, "माणूस वाईट नाही ना गं?"

"नाही."

"तेच तर," ती म्हणाली. फोन ठेवला.

मी खाली आले. "कळवते म्हणाली."

"कळवते म्हणजे नाय," राजकुमार म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडं बघून, "राहू द्या ताई. तुम्ही सांगितलं ना, बास." वाटेत त्यानं चार कणसं मोडली आणि माझ्या हातात दिली. "भाजून खा. शहरात नाय मिळायचा असला हुरडा."

निघताना चंपाबाईनं मला हळदकुंकू लावलं. लेकाकडं एकदा पाहिलं, आणि गुलाबी भिंतीला टेकून ठेवलेलं स्टूल उचललं. आम्ही चपला घालेपर्यंत पडदे उतरलेसुद्धा होते.

काकांनी गाडी लगेच काढली, पण ओढ्याच्या अलीकडं चाकाखाली दगड अडकला. तो काढण्यात बराच वेळ गेला. ओढा ओलांडून खिंडीच्या चढाला लागलो आणि काकांनी ब्रेक दाबला. बांधाच्या वाटेनं येऊन आमच्यापुढं रस्त्यावरून सोफा चालला होता. चौघांनी तो खांद्यावर घेतला होता. पुढच्या उजव्या कोपऱ्याखाली राजकुमार होता, शेजारी सांडू. मागच्या दोघांत एकाला काकांनी ओळखलं असावं, कारण ते "सत्यम" असं पुटपुटले. पुढच्या रविवारी वरच्या अंगाला कुणाकडं तरी पाहुणे यायचे असावेत.

रस्ता एका गाडीपुरताच होता. काका हॉर्न वाजवेनात. बाहेर कुणीतरी "टेका, टेका" म्हटलं, आणि चौघांनी सोफा कडेच्या गवतात उतरवला. गाडी जाऊ लागली तशी राजकुमारनं वाकून खिडकीतून सांगितलं, "सावकाश घ्या काका, पुढं वळण हाय." काकांनी मान हलवली. त्याच्याकडं पाहिलं नाही.

मी मागं वळून बघत राहिले. चढ मोठा होता, चौघांनाही धाप लागली होती. घाम पुसत ते सोफ्याभोवती उन्हात उभे होते. वळण येईपर्यंत मला ते दिसत होते. सोफ्यावर कुणीही बसलं नाही.