दारातली बादली
हृदयाला पंप बसवून मी वरकुट्याला परतलो. त्या पंपाची वायर पोटातून बाहेर येते. तिथल्या जखमेत जंतू शिरले की खेळ संपला. म्हणून मी ओट्यावर बादली आणि साबण ठेवला. येईल त्याला आधी हात धुवायला लावायचो.

शेजारचे तात्या भडकले. "आमी काय मातीला जाऊन आलोय व्हय?" आमच्याकडे अंत्यविधीहून आलेल्यालाच असं दारात थांबवून पाणी देतात. मीही हट्टी, बादली हलवली नाही. ते चहा न घेताच गेले. हळूहळू सगळ्यांनीच येणं सोडलं.

पट्टी मीच बदलतो. परवा बारामतीत डॉक्टरांनी जखम पाहिली.

"एकदम स्वच्छ! कुणी हात लावत नाही ना?"

"न्हाय," मी म्हणालो. "कुणीच न्हाय."